बॉडी कुठली बसवायची? मेबॅक, मीरा आणि उसाच्या बांधावरची रोडस्टर

हा एपिसोड ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलतो तसंच लिहिलंय, समजून घ्या.

पुणे-बंगळूर हायवेवर तुम्ही हे कधी ना कधी पाहिलं असणार. ट्रकची नुसती चॅसिस पळत असते. पुढं इंजिन, मागं दोन लांब लोखंडी पट्ट्या, खाली चाकं, आणि उघड्यावर एका सीटवर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेला ड्रायव्हर. ना काच, ना दार. ती चालते, वळते, थांबते, फक्त तिला अजून बॉडी नाही. आपली एसटी वर्षानुवर्षं अशीच जन्माला आली. कंपनीकडून चॅसिस यायची आणि दापोडी, चिकलठाणा नाहीतर हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये तिची लाल परी व्हायची.

हे आधी सांगायचं कारण असं की माझ्या एका मित्राला घरच्या घरी हॉट रॉड बनवायचीय. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी घ्यायची, वजन उतरवायचं, दमदार इंजिन घालायचं आणि पळवायची. त्यातही त्याला पाहिजे रोडस्टर. म्हणजे दोन माणसांची, टप नसलेली, बाजूला काचा नसलेली. इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, यावर त्याचं उत्तर तयार आहे. अडलंय एकाच ठिकाणी: बॉडी कुठली बसवायची? मी म्हटलं भावा, हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो दोनदा फार भारी सुटलाय.

पहिलं उत्तर तुम्ही दसऱ्याला बघता. दसरा चौकात शमीपूजनाला छत्रपती घराणं ज्या मेबॅकमधून येतं, ती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली जर्मन गाडी. गर्दीत उभं राहून आपण तिचा फोटो काढतो आणि सोनं लुटायला पळतो. पण त्या काळी मेबॅक कंपनी मुळात बॉडी बनवतच नव्हती. फ्रीडरिशहाफेनला इंजिन आणि चॅसिस तयार व्हायची, आणि बहुतेक गाड्यांना बॉडी चढायची जवळच्याच राव्हेन्सबुर्ग गावातल्या श्पोन या कारखान्यात. रोल्स रॉइससुद्धा दुसरं महायुद्ध संपेपर्यंत गिऱ्हाइकाला चॅसिसच विकायची. पुढचं गिऱ्हाईक आणि बॉडी बांधणारा ठरवणार. दारं किती, टप दुमडता येणार की नाही, मागं माणसं किती बसणार, सगळं ऑर्डर देणाऱ्याच्या हातात. शिंप्याकडं कापड घेऊन जावं तसं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड एकाचा, फ्रंटएंड दुसऱ्याचा, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

आता कॅलिफोर्नियातली पोरं बघा. त्यांच्याकडं राजाचा खजिना नव्हता, भंगारवाला होता. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटींच्या आसपास बनली, त्यामुळं तिच्या बॉड्या भंगारात कवडीमोलानं मिळायच्या. १९३२ साली फोर्डनं स्वस्त गाडीत ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन दिलं आणि पोरांचं टाळकंच सटकलं. म्यूरॉकच्या कोरड्या तळ्यावर त्या गाड्या वाऱ्यासारख्या पळायच्या. रोडस्टर आवडायचं कारण फॅशन नव्हतं. टप नाही, काचा नाहीत, म्हणजे वजन कमी. बस्स.

तिथं दोन पंथ झाले, आणि माझ्या मित्राचा प्रश्न तिथूनच आलाय. एक मॉडेल टी, जिला नुसत्या बादलीसारखी बॉडी असते म्हणून टी-बकेट म्हणतात. दुसरी १९३२ ची फोर्ड, लाडाचं नाव ड्यूस. ड्यूस दिसायला राणी आहे, वाद नाही. पण तिचा पत्रा एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाकलेला. असा पत्रा ठोकून काढायला हात बसलेला माणूस लागतो आणि महिने जातात. बादलीचं बरंचसं काम एकाच दिशेनं वाकणाऱ्या पत्र्याचं. रोलिंग मशीनवर ते निघतं, आणि रोलिंग मशीन उद्यमनगरात पाहिजे तेवढी आहेत.

आणि आता दुसरं उत्तर, माझं लाडकं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. शिक्षण सातवी. १९४५ ला त्यांनी छोट्या कुटुंबाची छोटी मोटार बनवायचं मनावर घेतलं आणि १९४९ मध्ये पहिली दोन माणसांची गाडी उभी केली. नाव मीरा. पुढची वीस-पंचवीस वर्षं ते एकामागून एक मॉडेल सुधारत राहिले. स्प्रिंगच्या जागी रबरी सस्पेन्शन, इंजिन मागं, किंमत साधारण १२,००० रुपयांत बसवायचा हिशोब. नॅनोच्या कितीतरी आधी. शंकररावांनी कुणाची बॉडी उचलली नाही. आत कोण बसणार ते आधी ठरवलं आणि गाडी त्यांच्या मापाची केली. ती नंबरप्लेट लावून रस्त्यावर पळाली. पण कारखाना काढायला तेव्हा सरकारी परवाना लागायचा, आणि मीराचं घोडं तिथंच अडलं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि विषय संपला. इचलकरंजीत आज कुणाही पोराला विचारा, मारुती माहीत आहे, मीरा नाही. मला याचा राग येतो, खरं सांगतो.

बरं, मित्राकडं वळू. त्याला वाटलं जुनी अँबेसिडर घेऊ, बॉडी उतरवू, झालं. होत नाही. अँबेसिडर आणि फियाट दोन्ही मोनोकॉक. म्हणजे पत्रा हाच सांगाडा. अंड्याचं कवच काढून अंडं उभं ठेवा म्हटल्यासारखं. वेगळी चॅसिस असलेली आपली जुनी कार म्हणजे मद्रासला १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड. तिची बॉडी तुकड्यातुकड्यांनी चॅसिसवर बोल्टनं बसवलेली असते. पण हेराल्ड आता मिळणार कुठं?

मग उरली जीप, आणि ती त्याच्या काकांच्या गोठ्यात उभीच आहे. चॅसिस दणकट, बॉडी सुटी. पण टेप घेऊन मोजा. जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच. मॉडेल टीचं १००. ड्यूसचं १०६. म्हणजे ड्यूसची बॉडी जीपवर ठेवली तर २६ इंच जाणार कुठं? शिवाय जीप उंच. हॉट रॉड रस्त्याला चिकटून पळते, ही दिसणार घोड्यावर ठेवलेल्या घंगाळासारखी.

मापाचं जुगाड निघेलही. कायद्याचं निघत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात ते पक्कं केलं. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण तिथंही अट तीच: चॅसिस, बॉडी, इंजिन मूळचं पाहिजे. म्हणजे मेबॅक चालेल, हॉट रॉड नाही.

कोर्टाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डोळ्याच्या अंदाजानं वेल्डिंग केलेली स्टेअरिंगची जोडणी ८० च्या स्पीडला सुटली तर मरणारा समोरच्या लुनावरचा असतो. पण याच नियमात आज शंकरराव असते तर त्यांची पहिली गाडी अंगणाबाहेर निघाली नसती, हेही तितकंच खरं.

दोन रविवार भांडून आमचं ठरलंय ते असं. काकांच्या जीपला हात लावायचा नाही. ती आहे तशी, आरसीसकट राहणार. रोडस्टरसाठी पाइपची वेगळी चॅसिस करायची, टीच्या मापाची, १०० इंची, आणि वर बादली. ड्यूसचा हट्ट त्यानं सोडलाय, थोडा रडून. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर येणार नाही. पळणार ती त्यांच्या शेतातल्या खासगी रस्त्यावर, ऊस तुटून गेल्यावर.

पत्र्याआधी पुठ्ठ्याची बॉडी करून बघतोय. फ्रीजचे दोन खोके कापून झालेत. परवा आत बसून पाहिलं तर त्याचे गुडघे स्टेअरिंगला लागतात, म्हणून डॅशबोर्ड चार इंच पुढं सरकवायचाय. मोठे खोके कुणाकडं असले तर मेसेज करा, न्यायला आम्ही येतो.