वानरांचा कळप आणि वर्गीय असमता

छत्तीसगडातील भिलाई हे नगर पोलादाने वसविले. 1955 साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याच्या जोडीने आखीव रस्त्यांची एक नवी वसाहत उभी राहिली. या वसाहतीचा बाजारचौक म्हणजे सिविक सेंटर. दुकाने, कलादालन व नाट्यगृह यांच्या शेजारी तेथे अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणारे शिकवणीवर्गही चालतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात राहिलेल्या आणि पुढे कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून आलेल्या मराठी घरांतील मुलेमुलीही या वर्गांत असतात. त्यांच्या बीजगणितात ‘वर्गीय असमता’ नावाचे एक लहानसे प्रकरण आहे. ते शिकविण्याची एक ठरावीक रीत सर्वत्र रूढ झाली आहे. संख्यारेषेवर दोन बिंदू मांडावयाचे, उजवीकडून अधिक, उणे, अधिक अशी चिन्हे लिहावयाची आणि हवा तो भाग उत्तर म्हणून उचलावयाचा. उत्तर बरोबर येते, परंतु ते का येते हा प्रश्न बहुधा तसाच राहतो. या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता बीजगणिताच्या इतिहासात बरेच मागे जावे लागते, आणि त्या वाटेवरचे पहिले महत्त्वाचे ठाणे महाराष्ट्रातच लागते.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावपासून काही मैलांवर, डोंगराच्या कुशीत पाटण हे गाव आहे. तेथील भवानीच्या देवळात शके 1128 चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील मांडलिकांनी त्यास दाने दिली, असा त्या लेखाचा आशय आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली त्याविषयी निबंध प्रसिद्ध करून तो विद्वानांच्या नजरेस आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, परंतु दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील हक्काचा वाटा आणि दर घाण्यामागे पळीभर तेल मठास द्यावे, असे तो तपशील सांगतो. मराठीच्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांत अशा रीतीने गणिताच्या एका पाठशाळेची तरतूद नोंदलेली आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बाजाराच्या उत्पन्नावर विद्येचा दिवा तेवत ठेवण्याची ही योजना होती, आणि त्या दिव्याखाली जे ग्रंथ वाचावयाचे त्यांपैकी एक भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ हा होता.

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 (इ. स. 1114) मधील. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड हे आपले गाव, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. ‘लीलावती’, ‘बीजगणित’ व ज्योतिषाचे दोन भाग मिळून होणारा ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 साली पुरा केला. त्यातील वर्गसमीकरणाच्या प्रकरणास ‘मध्यमाहरण’ असे नाव आहे. अव्यक्ताचा वर्ग, अव्यक्त आणि व्यक्त संख्या या तीन पदांपैकी मधल्या पदाचे हरण करावयाचे, अशी या नावाची फोड आहे. त्यासाठी भास्कराचार्य श्रीधराचार्यांचा नियम देतात. समीकरणाच्या दोन्ही बाजूंस वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, मूळच्या अव्यक्तपदाच्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा आणि मग मूळ काढावे. श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण त्यांचा हा नियम भास्कराचार्यांमुळे वाचला आणि शाळेतील वर्गसमीकरणाच्या सूत्रात तो आजही नांदत आहे.

मूळ काढावयाचे म्हटले की दोन मुळे येतात, कारण धन संख्येचा वर्ग धन आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच. धन व ऋण यांचे नियम ब्रह्मगुप्ताने 628 साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त सांगून ठेवले होते. दोन मुळांपैकी दोन्ही घ्यावीत की एक, हा प्रश्न मात्र नियमाने सुटणारा नव्हता. त्यासाठी भास्कराचार्यांनी वानरांची दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली आहेत. त्यांतच आजच्या असमतेचे बीज आहे.

पहिल्या उदाहरणात एका कळपातील वानरांच्या आठव्या भागाचा वर्ग करावा, तितकी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर बसली आहेत. तर कळप केवढा? समीकरण सोडविले की दोन उत्तरे येतात, 48 आणि 16. अठ्ठेचाळिसाचा आठवा भाग सहा, त्याचा वर्ग छत्तीस, त्यात बारा मिळवून अठ्ठेचाळीस. सोळाचा आठवा भाग दोन, त्याचा वर्ग चार, त्यात बारा मिळवून सोळा. दोन्ही उत्तरे चोख आहेत आणि आचार्य दोन्ही स्वीकारतात.

आता याच उदाहरणास एक वेगळा प्रश्न विचारून पाहावा. खेळणारी आणि टेकडीवरची वानरे यांची बेरीज कळपाएवढी न येता कळपाहून कमी केव्हा येईल? हाच असमतेचा प्रश्न. कळप 32 चा धरला तर चाराचा वर्ग सोळा, त्यात बारा मिळवून 28, म्हणजे बत्तिसांहून कमी. कळप 56 चा धरला तर साताचा वर्ग एकोणपन्नास, त्यात बारा मिळवून 61, म्हणजे जास्त. आणि कळप अवघा 8 चा धरला तर एक आणि बारा मिळून 13, म्हणजे पुन्हा जास्तच. सोळा व अठ्ठेचाळीस यांच्या मधल्या प्रदेशात बेरीज कमी पडते आणि बाहेर दोन्ही अंगांस ती अधिक होते. याचे कारण अवयव पाडले की उघड होते. कळपाची संख्या क्ष मानली, तर बेरजेतून कळप वजा केल्यावर जी राशी उरते ती ‘क्ष उणे 16’ आणि ‘क्ष उणे 48’ यांच्या गुणाकाराचा चौसष्टावा भाग असते. क्ष या दोन संख्यांच्या मध्ये असता पहिला अवयव धन व दुसरा ऋण, म्हणून गुणाकार ऋण. क्ष दोहोंहून मोठा असता दोन्ही अवयव धन, दोहोंहून लहान असता दोन्ही ऋण, म्हणून गुणाकार धन. शिकवणीवर्गातील अधिक, उणे, अधिक या मांडणीत याहून निराळे काही नाही. ब्रह्मगुप्ताचा धनर्णाचा नियम तेथे संख्यारेषेवर पसरलेला असतो, इतकेच. समीकरणाची दोन उत्तरे ही सीमेवरची दोन गावे होत. मधला मुलूख कोणाचा आणि बाहेरचा कोणाचा, हे असमता सांगते.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करावेत आणि त्याचा वर्ग करावा. तितकी वानरे गुहेत शिरली आणि एकच फांदीवर चढलेले दिसले. येथे उत्तरे 50 व 5 अशी येतात. पन्नासाचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, त्यांचा वर्ग एकोणपन्नास आणि एक मिळून पन्नास. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, त्यांचा वर्ग चार आणि एक मिळून पाच. अंकांच्या दृष्टीने दोन्ही खरी. तरीही भास्कराचार्य पाच हे उत्तर नाकारतात, कारण एका वानरातून तीन वजा करण्यास व्यवहारात अर्थ नाही आणि प्रत्यक्ष वस्तूंच्या बाबतीत ऋण संख्या लोकांस पटत नाही. आजच्या भाषेत त्यांनी येथे एक अट घातली. कळपाचा पाचवा भाग तिनाहून कमी असता कामा नये, म्हणजे कळप पंधराहून लहान असता कामा नये. ही अट म्हणजेच असमता. तिच्यासाठी त्यांच्याजवळ चिन्ह नव्हते, पण विवेक होता. समीकरणाने दिलेल्या दोन उत्तरांपैकी कोणते ग्राह्य, याचा निवाडा समीकरण स्वतः करू शकत नाही. तो असमतेनेच करावा लागतो, हा या उदाहरणाचा खरा धडा होय.

मूळ मुळीच निघत नसेल तर काय, हा पुढचा प्रश्न. ऋण संख्या कोणाचाही वर्ग नसते, म्हणून तिला मूळ नाही, असे भास्कराचार्यांनी स्पष्ट म्हटले आहे. बगदादमध्ये सुमारे 820 साली अल्-ख्वारिझ्मी याने एका प्रकारच्या वर्गसमीकरणाविषयी अशीच सूचना दिली होती. अव्यक्ताच्या सहगुणकाच्या अर्ध्याचा वर्ग दिलेल्या संख्येहून कमी भरला, तर उदाहरण अशक्य समजावे. त्याहूनही आधी युक्लिडाच्या सहाव्या पुस्तकात हीच मर्यादा भूमितीच्या वेषात आली आहे. शाळेत ज्याला विवेचक म्हणतात त्याचे हे पूर्वज. विवेचक शून्याहून कमी असू नये, ही अटही असमताच आहे. म्हणजे वर्गसमीकरणाच्या इतिहासात असमता पहिल्यापासून घरात वावरत होती. तिला नाव आणि चिन्ह तेवढे उशिरा मिळाले. लहान-मोठेपणाची आज वापरात असलेली टोकदार चिन्हे इंग्रज गणिती टॉमस हॅरियट याच्या मृत्यूनंतर 1631 साली छापलेल्या ग्रंथात प्रथम आली. ‘लहान किंवा समान’ आणि ‘मोठे किंवा समान’ यांची चिन्हे फ्रान्समध्ये प्येर बुगेर याने 1734 साली वापरली.

या अटीपासून एक नवी पद्धत उभी करण्याचे काम भारतातच झाले. दिल्ली कॉलेजातील अध्यापक मास्टर रामचंद्र यांनी 1850 साली कलकत्त्यास स्वतःच्या खर्चाने एक पुस्तक छापविले. एखादी राशी जास्तीत जास्त किंवा कमीत कमी केव्हा होते, हे चलनकलनाचा आधार न घेता केवळ बीजगणिताने कसे काढावे, हा त्याचा विषय. ते लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती गेले. डी मॉर्गन यांचा जन्म मदुरेचा. त्यांनी पुस्तकाचे मोल ओळखले, 1859 साली लंडन येथे त्याची नवी आवृत्ती निघाली आणि तिच्या प्रस्तावनेत त्यांनी रामचंद्रांच्या कामाचे नाते हिंदूंच्या जुन्या बीजगणित परंपरेशी जोडले.

रामचंद्रांच्या रीतीचे मर्म एका साध्या उदाहरणाने समजेल, आणि भिलाईच्या परिसरात ते उदाहरण पत्र्याचेच घेणे शोभेल. साठ सेंटिमीटर रुंदीचा पत्रा दोन्ही कडांनी सारखाच काटकोनात वर दुमडून पन्हळ करावयाची आहे. दुमड क्ष सेंटिमीटर घेतली तर तळ साठातून क्षची दुप्पट वजा करून उरेल तेवढा, आणि पन्हळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ या दोहोंचा गुणाकार. क्षेत्रफळ निदान 400 चौरस सेंटिमीटर हवे असेल तर दुमड किती घ्यावी? दहा घेतली तर दहा गुणिले चाळीस. वीस घेतली तर वीस गुणिले वीस. दोन्ही वेळा बरोबर चारशे. ही समीकरणाची दोन उत्तरे. पण कारागिराला दहा आणि वीस यांमधली कोणतीही दुमड चालते, आणि हे त्याला असमता सांगते. आता चारशेच्या जागी मागणी वाढवीत जावे. मागणी वाढेल तशी ही दोन टोके एकमेकांजवळ सरकतात. मागणी 450 झाली की ती पंधरावर येऊन मिळतात आणि विवेचक शून्य होतो. त्यापुढे विवेचक ऋण होतो, मूळ उरत नाही, म्हणजे तेवढी पन्हळ त्या पत्र्यातून होणेच शक्य नाही. अशा रीतीने, समीकरणास मूळ असलेच पाहिजे एवढ्याच अटीवरून 450 ही कमाल मर्यादा हाती येते. भास्कराचार्यांनी ज्या ठिकाणी ‘मूळ नाही’ म्हणून हात थांबविला, ते ठिकाण रामचंद्रांनी मोजणीचे साधन बनविले.

हा इतिहास पाहिला म्हणजे विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकांचे मूळही दिसू लागते. क्षचा वर्ग नऊहून कमी आहे असे म्हटले की अनेक मुले ‘क्ष अधिक-उणे तीनहून कमी’ असे लिहून मोकळी होतात. वस्तुतः क्ष उणे तीन व तीन यांच्या मध्ये आहे, आणि वर्ग नऊहून अधिक असता तो या पट्ट्याच्या बाहेर आहे. दोन्ही बाजूंस ऋण संख्येने गुणल्यावर चिन्ह उलटावयाचे राहून जाते, तेही याच कारणाने. समीकरणाची सवय जडलेला हात असमतेलाही समीकरणच समजतो. त्याला टोके शोधण्याची ओढ असते, मधल्या प्रदेशाची जाणीव नसते. एक संख्या मधली व एक बाहेरची घेऊन पडताळा पाहिला, तर ही चूक जागच्या जागी सापडते. वानरांच्या कळपात बत्तीस आणि छप्पन घालून पाहण्यास अर्धे मिनिट पुरते.

प्रवेशपरीक्षेत वेळ थोडा असतो, म्हणून युक्त्या शिकविल्या जातात, आणि त्या शिकविण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र बीजगणित हे केवळ उत्तर काढण्याचे शास्त्र नव्हे. आलेल्या उत्तराचा अधिकार कोठवर चालतो हे ठरविण्याचेही ते शास्त्र आहे. पाटणच्या व्यापाऱ्यांनी व तेल्यांनी ज्या विद्येसाठी आपल्या प्राप्तीतला वाटा द्यावयाचा, तीत पन्नास आणि पाच या दोन खऱ्या उत्तरांमधून एक निवडण्याचा विचार शिकविला जात होता. आजच्या विद्यार्थ्याला चिन्हे अधिक सोयीची मिळाली आहेत. त्या चिन्हांबरोबर तो विचारही त्याच्या हाती गेला, तर वर्गीय असमतेचे हे लहानसे प्रकरण त्याला पाठ करावे लागणार नाही.