सोळा पायऱ्यांचे बेट

दिवाळीच्या सुटीत बेटावर जायचे तर कुठल्या, हा वाद यंदा आमच्याही घरी झाला. मुलांना पांढरी वाळू हवी, सौभाग्यवतींना स्वस्ताई. मी मॉरिशसचे नाव घेतले. पण वाळूसाठी नव्हे.

१८३५ साली तेथली गुलामगिरी उठली. ती उठणार हे दिसताच मळेवाल्यांना उसासाठी नवे हात हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला आले. पुढे सुमारे ५ लाख आले. त्यांत आपल्या कोकणातलीही माणसे होती. करारावर अंगठा उठवून धक्क्याच्या सोळा पायऱ्या चढलेल्या कित्येकांना गाव पुन्हा दिसले नाही. तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला.

घरात क्रिओल बोलणाऱ्या त्यांच्या मराठी वंशजांनी गणपती मात्र सोडला नाही. गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुटी असते!

तेव्हा वाचकहो, किनाऱ्यावर खुशाल लोळावे. पण आधी त्या पायऱ्यांपाशी घटकाभर उभे राहावे. आपल्या खिशात परतीचे तिकीट आहे, याचे मोल तेथे कळते.