गाण्यांची नावं कोणी टाइप केली?

सहभागी इंटरनेटचा इतिहास सांगायचा म्हटलं की गाडी बहुतेक वेळा २००४ पासून सुटते. ऑक्टोबर २००४ मध्ये 'वेब २.०' नावाची परिषद झाली, २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि डिसेंबर २००६ मध्ये टाइम मासिकाने 'वर्षातली व्यक्ती' म्हणून चक्क 'तुम्ही' निवडलंत! म्हणजे फुकटात लिहिणारे, फोटो टाकणारे, व्हिडिओ चढवणारे आपण सगळे. ऐकायला छान वाटतं. पण या साऱ्या प्रकारातला कळीचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीच उभा राहिला होता, आणि तोही एका साध्या ऑडिओ सीडीमुळे.

तुमच्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी. ऑडिओ सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यावर गाण्यांची नावं नसायची. ती स्टिरिओत घालून ऐकायची वस्तू. नावं कव्हरवर छापलेली आहेत की! सीडीच्या सुरुवातीला फक्त एक तक्ता असायचा: कुठलं गाणं किती मिनिटं, किती सेकंद आणि सेकंदाच्या किती पंचाहत्तराव्या भागांवर सुरू होतं. बस्स. त्यामुळे सीडी कॉम्प्युटरमध्ये टाकली की पडद्यावर 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' एवढंच दिसणार.

१९९३ मध्ये टी कान नावाच्या प्रोग्रॅमरने युनिक्ससाठी एक्सएमसीडी हा सीडी प्लेअर लिहिला. त्यातली कल्पना साधी, पण झकास होती. दहा-बारा गाण्यांच्या सुरुवातीच्या वेळा एकत्र घेतल्या तर तसाच्या तसा तक्ता दुसऱ्या अल्बमचा असणं अवघड. म्हणजे हा तक्ता हाच सीडीचा अंगठ्याचा ठसा! त्यावरून आठ अक्षरी क्रमांक काढायचा (कधीकधी दोन सीडींचा क्रमांक एकच निघायचा, पण काम भागायचं) आणि त्या क्रमांकापुढे गाण्यांची नावं साठवून ठेवायची. नावं कोण भरणार? ज्याच्याकडे सीडी आहे तो. एकाने एकदा टाइप केलं की बाकी सगळ्या जगाचे कष्ट वाचले. लोक आपापल्या याद्या ईमेलने पाठवू लागले. पुढे स्टीव्ह शर्फ यांच्या मदतीने हे सगळं इंटरनेटवरच्या सर्व्हरवर गेलं. या साठ्याचं नाव सीडीडीबी.

इथे जरा थांबून विचार करा. ही नावं कोणत्याही रेकॉर्ड कंपनीने भरली नव्हती. कुणीतरी रात्री जेवणं झाल्यावर, हातात कव्हर धरून, एकेक नाव टाइप करत बसलं होतं. पैसे नाहीत, नाव नाही. आपल्याला दुसऱ्याच्या टायपिंगचा फायदा झाला, तेव्हा आपणही दोन याद्या भराव्यात, एवढाच हिशेब. प्रोग्रॅम जीपीएल या मुक्त परवान्याखाली होता, त्यामुळे माहितीही मुक्तच राहणार असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलं.

१९९८ मध्ये सीडीडीबी एसिएंट या कंपनीने विकत घेतली. मग अटी आल्या. प्लेअर लिहिणाऱ्याने आमचा लोगो दाखवायचा, आमच्याबरोबर दुसरा तसलाच साठा वापरायचा नाही, वगैरे. २००० मध्ये नाव बदलून ग्रेसनोट झालं, आणि मार्च २००१ मध्ये परवाना न घेतलेल्या सगळ्या प्रोग्रॅम्सना दार बंद. २००८ मध्ये सोनीने ग्रेसनोट २६ कोटी डॉलरना घेण्याचा सौदा जाहीर केला. याद्या टाइप करणाऱ्यांना त्यातलं काय मिळालं, हे सांगायला नकोच :)

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. सर्व्हर आणि बँडविड्थ फुकट येत नाहीत. लाखो याद्यांमधल्या चुका निस्तरायला पगारी माणसं लागतात. पैसे कमावण्यात गैर काहीच नाही. दुखणं वेगळं होतं. ज्यांनी धान्य आणून टाकलं, त्यांच्यासाठीच कोठाराला कुलूप लागलं.

मग त्यांनी काय केलं? वेगळी चूल मांडली! जुन्या साठ्याच्या ज्या प्रती मोकळेपणी मिळत होत्या त्यावर फ्रीडीबी उभं राहिलं. रॉबर्ट के यांनी म्युझिकब्रेन्झ सुरू केलं, आणि तिथे मूळ माहिती सार्वजनिक मालकीची राहील हे लिहूनच ठेवलं. फ्रीडीबी २०२० मध्ये बंद पडलं, पण त्या याद्या बुडाल्या नाहीत, कारण कुणालाही प्रत घेता येत होती. साइट मरते, प्रत उरते.

हा धडा पुढच्याच वर्षी विकिपीडियावर गिरवला गेला. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाचा खर्च तेव्हा बोमिस नावाची कंपनी करत होती. २००२ च्या सुरुवातीला जाहिराती येऊ शकतील अशी चर्चा निघाली, आणि स्पॅनिश मंडळी भडकली. फेब्रुवारीत त्यातले बरेचसे जण सगळे लेख उचलून सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर गेले आणि त्यांनी स्वतःचा ज्ञानकोश काढला. परवान्यात तशी मुभाच होती, कोर्टकचेरीचा प्रश्न नाही. त्याच वर्षी विकिपीडिया डॉट कॉमवरून डॉट ऑर्गवर गेला, २००३ मध्ये विकिमीडिया फाउंडेशन झालं, आणि जाहिराती आल्या नाहीत. हे सगळं फक्त त्या बंडामुळे झालं असं म्हणणं जास्त होईल. पण लोक खरोखर उठून जाऊ शकतात, हे चालवणाऱ्यांना दिसलं होतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तो हा पाया घेऊनच.

म्हणून मला वाटतं, 'इथे मला लिहिता येतं का?' ही सहभागाची परीक्षाच नव्हे. लिहू सगळेच देतात. तोच तर त्यांचा कच्चा माल. खरी परीक्षा अशी: उद्या पटलं नाही, तर सगळ्यांनी मिळून जमवलेला साठा उचलून बाहेर पडता येतं का? स्वतःचे फोटो डाउनलोड करता येणं वेगळं. त्यात बाकीच्यांचं लेखन येत नाही, आणि साठ्याची किंमत तर एकत्र असण्यातच आहे.

मे २००४ नव्हे, मे २०२४ ची गोष्ट. स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार जाहीर केला, तेव्हा काही जणांनी चिडून स्वतःची जुनी उत्तरं पुसायला घेतली. आपल्यापैकी कित्येकांची नोकरी त्या उत्तरांवर चाललेली, त्यामुळे राग समजू शकतो. पण उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली दिलेली होती. दिलेलं परत घेता येत नाही. मुक्त परवाना तुम्हाला पैसे देत नाही, आणि नावडत्या माणसाला अडवतही नाही. तो फक्त एकाच माणसाच्या हातात किल्ली जाऊ देत नाही. मला विचाराल तर तेवढं पुष्कळ आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुठे काही भरायला बसलात, नकाशावर दुकान, हॉटेलवर मत, कुणाच्या प्रश्नाला उत्तर, तर 'मला मान्य आहे' दाबण्याआधी अटींमधली एकच ओळ शोधा. पूर्ण साठ्याची प्रत कुणाकुणाला मिळते? भरायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.