नवसागर व त्याचा धूर

रसग्रंथांच्या पोथ्या संग्रहीं ठेवणाऱ्या पुष्कळांचा असा समज दिसतो कीं, त्यांतील द्रव्यें आतां केवळ कोशांत अर्थ पाहण्यापुरतीं उरलीं आहेत. नवसागराच्या बाबतींत हा समज खरा नव्हे. घाटंजीच्या बाजारांत कल्हईच्या भट्टीवरून उठणारा पांढरा धूर, बर्फाच्या कारखान्यांतील लोखंडी नळ, कापसाला द्यावयाचें युरिया खत, आणि जुनीं नाणीं व ताम्रपट उजळण्यासाठीं कांहीं संग्राहक कपाटांत ठेवतात ती उग्र वासाची बाटली, हीं सर्व एकाच घराण्यांतील आहेत. त्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे अमोनिया नांवाचा वायु. त्याचा शब्देतिहास व पदार्थेतिहास यथामति देऊन, ताम्रपट व पोथ्या हाताळणारांस त्यापासून जें भय आहे तें सांगावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दाविषयीं. ‘नवसागर’ हा शब्द दिसावयास अगदीं संस्कृत दिसतो. पण नव्या समुद्राशीं या क्षाराचा कांहींएक संबंध नाहीं. संस्कृत रसग्रंथांत ‘नवसार’, क्वचित् ‘नरसार’, आणि पर्यायानें ‘चूलिकालवण’ अशीं नांवें येतात. हिंदींत ‘नौसादर’ व फारशींत ‘नौशादर’ म्हणतात. हीं रूपें एका ओळींत मांडलीं म्हणजे प्रवासाची दिशा आपोआप कळते. फारशी नांवाला पंडितांनीं संस्कृत वस्त्र नेसविलें, आणि पुढें मराठीनें त्या ‘सारा’चा ‘सागर’ करून टाकला. परकीय शब्दाला घरचा अर्थ चिकटविण्याची ही खोड सर्वच भाषांत असते. चरक व सुश्रुत यांच्या लवणवर्गांत नवसार येत नाहीं. रसग्रंथांत तो येतो. म्हणजे नांवाबरोबर पदार्थहि बाहेरून आला असें मानण्यास प्रत्यवाय दिसत नाहीं. मध्य आशियांतील तिएन शान पर्वतांत जमिनीखालीं दगडी कोळशाचे थर जळत असतात. तेथें भेगांच्या तोंडाशीं हा क्षार पांढऱ्या सालीसारखा जमतो. तोच व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पूर्वेस चीनमध्यें व पश्चिमेस इराणांत गेला. युरोपांत मात्र तो मिसरमधून जाई. तेथें उंटाच्या शेणाच्या काजळींतून तो काढीत असत, आणि लिबियाच्या वाळवंटांतील अम्मोन देवाच्या मंदिरावरून त्याला जें नांव पडलें, त्यावरूनच वायूचें आजचें नांव आलें आहे.

आतां ‘रसरत्नसमुच्चया’कडे वळूं. वाग्भटाच्या नांवावर असलेला हा ग्रंथ साधारणपणें तेराव्या शतकांतील मानतात. पुण्याच्या आनंदाश्रमानें तो १८९० सालीं छापून काढिला. त्याच्या तिसऱ्या अध्यायांत कंपिल्ल, गौरीपाषाण, कपर्द, हिंगुळ इत्यादि आठ साधारण रसांत नवसाराची गणना आहे. त्याची उत्पत्ति सांगतांना ग्रंथकार दोन गोष्टी सांगतो: करीर व पीलु यांचीं लांकडें पचवितांना हा क्षार निघतो; आणि विटा भाजतांना जें पांढुरकें, हलकें लवण उत्पन्न होतें तेंहि हेंच. ‘करीर’ शब्दाचा अर्थ कांहीं टीकाकार वेळूचा कोंब असा करितात. आम्हांस तो पटत नाहीं. पीलूच्या जोडीला बसणारा करीर म्हणजे आपण ज्याला नेपती म्हणतों तें कांटेरी झुडूप होय. हीं दोन्हीं झाडें पंजाब, सिंध व मारवाड येथील रुक्ष भूमींत एकत्र वाढतात. तेव्हां नवसाराच्या उत्पत्तीची ही हकीकत दक्षिणेंत रचलेली नसून वायव्येकडून ऐकलेली आहे, असें आमचें मत आहे.

विटांची गोष्ट तर अगदीं खरी ठरली आहे. पंजाबांतील कर्नाल जिल्ह्याच्या कैथल भागांत कुंभार लोक तळ्याच्या गाळाच्या विटा भाजून नवसागर काढीत असत, अशी नोंद बेडन पॉवेल यानें पंजाबच्या आर्थिक उत्पन्नांवरील आपल्या ग्रंथांत १८६८ सालीं केली आहे; आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासांत तिचा रसग्रंथाशीं मेळ घातला. गाळांतील सडलेल्या प्राणिज द्रव्यांतून व शेणाच्या जळणांतून अमोनिया सुटतो, मातींतील मिठाशीं त्याचा संयोग होतो, आणि थंड भागावर क्षार चढून बसतो. पोथींतील एक चरण कुंभाराच्या भट्टीनें सिद्ध व्हावा, असा योग संशोधकांस वारंवार येत नाहीं.

रसवैद्य नवसागराची शुद्धि पाण्यांत विरघळवून, वस्त्रगाळ करून, आटवून करीत. किंवा डमरूयंत्रांत घालून त्याचें ऊर्ध्वपातन करीत. यंत्राच्या सांध्याला कपडमाती करून वरचें भांडें पाण्यानें थंड ठेवीत. द्रव्य वायां जाऊं नये हा त्यांतील हेतु; पण त्यामुळें करणाराच्या फुप्फुसांचेंहि रक्षण होई. कारण नवसागर तापला म्हणजे त्याचे दोन वायु होतात, एक अमोनिया व दुसरा लवणाम्लाचा. थंड जागीं ते पुनः एकत्र येऊन पूर्ववत् क्षार होतो. कल्हईचें मर्म याच क्रियेंत आहे. तापलेल्या भांड्यावर कापसाच्या बोळ्यानें नवसागर फिरविला कीं तांब्यावरचा काळा मळ उडून जातो व कथील स्वच्छ धातूवर धरतें. कल्हईकर भाता चालवीत उघड्या अंगणांत बसतो व वाऱ्याकडे पाठ करितो. हें शहाणपण त्यानें कोणत्याहि ग्रंथांतून घेतलेलें नाहीं. तीच भट्टी बंद खोलींत लाविली तर डोळे व घसा तासाभरांत सांगूं लागतात. शिवाय नवसागरांत कळीचा चुना मिसळला तर थोड्याशा ओलाव्यानेंहि शुद्ध अमोनिया सुटतो. घरांत कोणी हा प्रयोग करूं नये.

हा वायु वेगळा करण्याचें श्रेय प्रीस्टली यास आहे (१७७४). ‘अमोनिया’ हें नांव बर्गमननें १७८२ सालीं दिलें, आणि नत्र व उज्ज यांचा तो बनलेला आहे हें बेर्तोले यानें १७८५ सालीं दाखविलें. १८५९ सालीं फ्रेंच यंत्रज्ञ कारे यानें त्याच्या साह्यानें बर्फ करण्याचें यंत्र काढिलें. त्यापूर्वीं मुंबईस बर्फ येई तो अमेरिकेहून, जहाजांत भुशांत घालून. पुढें जर्मनींत हाबर यानें १९०९ सालीं हवेंतील नत्रापासून अमोनिया बनविला व १९१३ सालीं ओपाउ येथें त्याचा कारखाना चालूं झाला. महाराष्ट्रांत तुर्भ्याचा खतकारखाना १९६५ सालीं सुरू झाला, आणि नंतर अलिबागेजवळ थळ येथें दुसरा उभा राहिला. घाटंजीच्या काळ्या जमिनींत पडणारा युरियाचा प्रत्येक दाणा अशाच कुठल्यातरी कारखान्यांत अमोनियाच्या अवस्थेंतून गेलेला असतो.

वायूचे गुणधर्म थोडक्यांत सांगतों. तो हवेहून हलका आहे. परंतु दाबाखालीं द्रवरूप केलेला अमोनिया फुटून बाहेर आला कीं त्याचें अतिशय थंड धुकें होतें व तें जमिनीलगत पसरतें. म्हणून ‘हलका आहे, वर जाईल’ या भरंवशावर तेथें उभें राहणें घातक होय. वाऱ्याला आडवें निघून, मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला जावें. शून्याखालीं तेहेतीस अंश शतमानावर तो उकळतो, त्यामुळें द्रवाचा थेंब कातडीवर पडला तर गोठविणें व जाळणें हीं दोन्हीं कामें एकदम करितो. साधारण उष्णमानांत पाण्याचा एक भाग या वायूचे सुमारें सातशें भाग पोटांत घेतो. डोळे, नाक व घसा यांच्या ओलाव्यावर तो प्रथम तुटून पडतो याचें कारण हेंच, आणि पाणी हाच त्यावरील पहिला उपाय याचेंहि कारण हेंच. मात्र धुक्यावर पाण्याचा फवारा मारावा. सांडलेल्या द्रवाच्या थारोळ्यावर ओतूं नये, त्यानें वायु अधिक वेगानें उठतो. हवेच्या दहा लक्ष भागांत पंचवीस भाग ही आठ तास काम करणारासाठीं मर्यादा धरितात. तीनशें भाग झाले कीं जिवास तात्काळ धोका. वास त्यापूर्वींच येतो खरा, पण नाकाला संवय होऊन तो कमी भासूं लागतो. तोंडाला बांधलेलें उपरणें धूळ अडवितें, वायु अडवीत नाहीं. हवेंत शेंकडा पंधरा ते अठ्ठावीस भाग झाला असतां ठिणगीनें तो पेट घेतो, म्हणून कोंदलेल्या जागेंत दिवा अगर विडी नेऊं नये.

येथें एका शास्त्रार्थाचा निर्णय करणें प्राप्त आहे. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायांत क्षारकर्म सांगितलें असून, क्षारानें झालेला दाह अम्ल द्रव्यांनीं शमवावा असें म्हटलें आहे. क्षार व अम्ल एकमेकांस मारितात, हें निरीक्षण त्या काळीं लेखनिविष्ट झालें ही थोर गोष्ट होय. पण या आधारावर अमोनियानें पोळलेल्या डोळ्यांत लिंबू अगर कांजी घालण्याचा सल्ला कोणी देईल तर तो अनर्थ होईल. वैद्यानें शस्त्राच्या टोकावर मोजून लाविलेला क्षार निराळा आणि अंगावर उडालेला वायु निराळा. आज मान्य असलेला उपाय एकच: वाहत्या पाण्यानें निदान पंधरा मिनिटें, पापण्या उघडून धरून धुणें, आणि मग विलंब न लावतां डॉक्टरकडे जाणें.

आतां आपल्या वाचकांच्या विशेष विषयाकडे येतों. इंग्रजी अमदानींत हिंदुस्थानांतील लष्कराचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत तबेल्यांत ठेवलीं असतां त्यांच्या नळ्यांना आपोआप तडे जात. पुष्कळ वर्षें कोणाला कारण उमगलें नाहीं. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं उलगडा केला: घोड्यांच्या मुतांतील अमोनिया, दमट हवा, आणि घडवितांना पितळेंत राहिलेला ताण, या तिघांच्या संगतीनें धातु फुटते. ज्यांच्या वाड्यांत जुनीं पितळी उपकरणें, कुलपें वा दौती गोठ्याशेजारच्या खोलींत पडलेलीं आहेत, त्यांनीं हें लक्ष्यांत घ्यावें.

ताम्रपटांची गोष्ट याहून गंभीर आहे. वाकाटक विंध्यशक्ति दुसरा याचा वाशीमचा ताम्रपट १९३९ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून वऱ्हाडांतील प्रत्येक घरंदाज कुटुंबाला आपल्या पेटींत तसाच एक असावा असें वाटूं लागलें, व जो सांपडतो तो आधीं घासून लखलखीत केला जातो. चिंचेनें व राखेनें घासणाराचा अपराध मोठा आहेच. पण अमोनियाच्या पाण्यांत बुडविणारा त्याच्याहि पुढें जातो. पाणी सुंदर निळें होतें आणि त्याला वाटतें मळ गेला. तो निळा रंग तांब्याचाच असतो. हवेच्या संगतीनें अमोनिया शुद्ध तांबेंहि विरघळवितो, आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडा जातात. ज्या रेघेवरून ‘घ’ कीं ‘ध’ हें ठरावयाचें ती रेघच उरत नाहीं. रुप्याचीं नाणीं उजळणारांस आणखी एक भय आहे. रुपें मिसळलेलें अमोनियाचें पाणी तसेंच ठेवून दिलें असतां त्यांत एक काळा साका बसतो; तो वाळल्यावर नुसत्या स्पर्शानेंहि स्फोट पावतो. असें पाणी क्षणभरहि साठवूं नये.

पोथ्यांविषयीं इतकेंच. आपले लेखक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फांशीत. भाषेंतला वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ हें सोमलाचें गंधकाशीं झालेलें संयुग असून अमोनियाच्या पाण्यांत विरघळतें. डाग काढावयास म्हणून असें पाणी पानावर फिरविलें, तर लेखकानें रद्द केलेला पाठ पुनः वर येईल आणि पुढील संपादक तोच खरा म्हणून छापील, शिवाय विषारी सोमल बोटांस लागेल तो वेगळाच. चित्रांतील जंगाली हिरवा रंगहि तांब्याचाच असल्यामुळें या वाफेंत टिकत नाहीं.

बाटली ठेवावीच लागली तर वऱ्हाडच्या वैशाखांत ती माळ्यावर ठेवूं नये. उन्हानें आंत दाब वाढतो व बूच काढतांच तोंडावर फवारा येतो; गार पाण्यांत कांहीं वेळ ठेवून, तोंड दुसरीकडे करून उघडावी. विहिरींत टाकावयाची ब्लीचिंग पावडर तिच्या शेजारीं असूं नये, कारण दोहोंच्या मिश्रणानें आणखी विषारी वायु होतात.

‘रसरत्नसमुच्चया’च्या सातव्या अध्यायांत रसशाळेची रचना आहे. अग्निकर्म आग्नेयीस, धुणें पश्चिमेस, वाळविणें वायव्येस, तयार द्रव्यें ईशान्येस. दिशांचें देवताशास्त्र बाजूस ठेविलें तरी भट्टी, पाणी व साठा हीं परस्परांपासून दूर असावींत हा विचार त्यांत उघड आहे. पण ही व्यवस्था शाळेच्या धन्याला सांगितलेली आहे. भाता फुंकणाऱ्या नोकराला कोणी ती वाचून दाखविली असेल असें वाटत नाहीं. २०१७ सालीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर औषध फवारतांना वीसांहून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेनें मरण पावले. तें विष अमोनिया नव्हे, निराळें. पण डब्यावर बारीक अक्षरांत छापलेली सूचना आणि पाठीवर पंप घेतलेला मनुष्य यांत जें अंतर राहिलें, तें आम्हांस पोथी व भट्टी यांमधील अंतरासारखेंच दिसतें.

ज्यांच्या संग्रहीं ‘रसरत्नसमुच्चया’च्या हस्तलिखित प्रती असतील त्यांनीं तिसऱ्या अध्यायांतील नवसाराचे श्लोक छापील प्रतीशीं ताडून, ‘करीर’ या ठिकाणीं कोणता पाठ आहे व समासांत कांहीं टिप्पण आहे काय, तें या त्रैमासिकाकडे कळवावें. प्रत पाहतांना पानें कोरड्या, मऊ कुंचल्यानें झाडावींत. कोणतेंहि पाणी लावूं नये.