दांडा तुमच्या गाडीला, चोर शेजारच्या गाडीकडे

सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एकच विषय चालू आहे. गेटबाहेर रस्त्यावर लावलेली एकाची गाडी रात्रीतून गेली. तेव्हापासून एरवी फक्त गुड मॉर्निंग पाठवणारे काकासुद्धा स्टिअरिंग लॉकच्या लिंका टाकायला लागलेत. कुणी म्हणतंय गिअर लॉक बरा, कुणी म्हणतंय सगळं नाटक आहे, ज्याला न्यायचीय तो नेणारच. मला विचारलं तेव्हा "उपयोग होतो" एवढंच लिहून गप्प बसलो. खरं उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्टिअरिंग लॉक दोन प्रकारचे. एक गाडीतच बसवलेला, किल्ली काढली की स्टिअरिंग जाम होतं तो. आपल्या स्कूटरचा हँडल लॉक त्याचाच भाऊ. दुसरा म्हणजे बाहेरून अडकवायचा लोखंडी दांडा, ज्याच्या लिंका काका पाठवतायत. दोघांचा इतिहास वेगळा आहे, पण धडा एकच शिकवतो.

पहिल्या प्रकारची मोठी परीक्षा पश्चिम जर्मनीत झाली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने हा लॉक सक्तीचा केला, आणि फक्त नव्या गाड्यांना नाही, रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांनाही. म्हातारी, खटारा, कुठलीही असो, लॉक बसवायचाच. लोक कुरकुरले असणारच, खर्च स्वतःच्या खिशातून होता. पण चोऱ्या झपाट्याने खाली आल्या, आणि पुढे गाड्यांची संख्या वाढत गेली तरी बरीच वर्षं खालीच राहिल्या.

ब्रिटनने हेच केलं, पण ब्रिटिश पद्धतीने, म्हणजे कुणाला फार त्रास न देता. १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना लॉक. जुन्या आपोआप भंगारात जातील तेव्हा जातील. काय झालं? १९७६ साली ब्रिटनच्या गृहखात्याच्या संशोधकांनी 'क्राइम ॲज ऑपॉर्च्युनिटी' नावाचा अहवाल काढला, त्यात लंडनचा हिशोब आहे. १९६९ साली चोरीला गेलेल्या गाड्यांपैकी साधारण पाचातली एक गाडी नवी असायची. १९७३ पर्यंत ते प्रमाण विसातल्या एकावर आलं. वा! म्हणजे लॉक चालला की! चाललाच. फक्त एकूण चोऱ्या काही तशा कमी झाल्या नाहीत. चोर नव्या गाडीला हात लावायचा, लॉक दिसला की पुढच्या जुन्या गाडीकडे वळायचा. ज्याला नवी गाडी परवडली तो वाचला, आणि ज्याच्याकडे दहा वर्षं जुनी होती त्याच्या वाट्याला चोर आला.

लॉक तोच, चोरही तसेच. फरक एवढाच की एका देशाने सगळ्यांना लावायला लावला, दुसऱ्याने काहींना.

आता कुणी म्हणेल, चोराला चोरीच करायची असेल तर तो कुठेतरी वळणारच. नाही हो. याच जर्मनीची आणखी एक गंमत आहे (पुणेकरांनी ही ओळ सावकाश वाचावी). १९८०च्या सुमारास तिथे हेल्मेट न घालणाऱ्याला जागेवर दंड सुरू झाला. हेतू डोकी वाचवण्याचा होता. पण मोटरसायकलींच्या चोऱ्या वर्षाला दीड लाखाच्या आसपास होत्या, त्या १९८६ पर्यंत चोपन्न हजारांच्या आसपास आल्या. कारण सोपं. जाता जाता दिसलेली गाडी उचलणाऱ्याकडे हेल्मेट नसतं, आणि उघड्या डोक्याने निघाला की पोलीस अडवतात. आणि हे चोर सगळे गाड्या सोडून मोटारींकडे वळले असंही झालं नाही. बरीचशी चोरी सहज हाताला लागलं म्हणून होते. सोय गेली की हौस जाते.

दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे दांड्याचा, बाजार अमेरिकेत उभा राहिला. पेनसिल्व्हेनियातल्या जेम्स विनर यांची कॅडिलॅक चोरीला गेली, आणि १९८६च्या सुमारास त्यांनी 'द क्लब' नावाचा दांडा बाजारात आणला. कोरियाच्या युद्धात सैनिक जीपच्या स्टिअरिंगला साखळ्या बांधायचे, त्यावरून कल्पना सुचली असं ते सांगत. टीव्हीवर धडाक्यात जाहिराती झाल्या, लाखोंनी खपला. त्यात कमजोरी होती ती दांड्याची नव्हती, स्टिअरिंगची होती. दांडा पोलादी, पण ज्या चाकाला तो धरून बसतो ते हॅकसॉने कापता येतं. कसलेला चोर तेच करतो. नवशिका मात्र खिडकीतून लाल दांडा बघतो आणि पुढे जातो.

पुढे म्हणजे कुठे? शेजारच्या गाडीकडे. तिथे परत लंडन.

त्याच १९८६ साली बॉस्टनमध्ये 'लोजॅक' आलं. गाडीत लपवलेला छोटा ट्रान्समीटर, बाहेरून कसलीच खूण नाही. कुठल्या गाडीत आहे हेच चोराला कळत नाही, त्यामुळे प्रत्येक गाडीची भीती. इयान आयर्स आणि स्टीव्हन लेविट या दोघांनी १९९८ साली हिशोब मांडला: मोठ्या शहरांच्या मध्यभागात दर तीन लोजॅकमागे वर्षाला एक चोरी कमी. पण पैसे भरणाऱ्या मालकाला त्या फायद्याचा दहा टक्केही वाटा मिळत नाही, बाकी सगळा गल्लीला मिळतो. म्हणून लोक दांडा घेतात. दांड्याचा फायदा स्वतःला आणि तोटा शेजाऱ्याला, लोजॅकचं नेमकं उलट. बाजारावर सोडलं तर काय जास्त खपेल ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

युरोपने १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा केला, म्हणजे किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. कॅनडाने २००७ मध्ये केला. अमेरिकेने केला नाही. ह्युंदाई आणि कियाने तिथे विकलेल्या कित्येक मॉडेल्समध्ये तो बसवलाच नाही. २०२१च्या सुमारास मिलवॉकीतल्या पोरांना ते कळलं, मग टिकटॉकमुळे सगळ्या देशाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने सांगितलं, किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू या चोऱ्यांशी जोडलेले आहेत. ८३ लाख गाड्यांना सॉफ्टवेअर सुधारून देणार, आणि तोवर पोलिसांमार्फत फुकट स्टिअरिंग लॉक. त्या दिवसापर्यंत पाठवलेले लॉक होते २६ हजार. सीमेपलीकडे कॅनडात त्याच कंपन्यांच्या गाड्यांमध्ये चिप होती, कारण कायदा होता.

आणि आता बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्या आल्यात. घरातल्या किल्लीचा सिग्नल यंत्राने लांबवून चोर दोन मिनिटांत गाडी नेतो. म्हणून ब्रिटनचे पोलीस पुन्हा तोच जुना दांडा लावा म्हणतायत. कापायला वेळ लागतो, आवाज होतो, रस्त्यावर तेवढं पुरतं.

तर माझ्या गाडीला दांडा आहे. रोज रात्री लावतो, सकाळी घाईत शिव्या देत काढतो. काल ग्रुपवर कुणीतरी विचारलं, दहाबारा जणांनी एकत्र मागवले तर स्वस्त पडतील का. मी लिहिलं, दहाबारा नको, गेटबाहेर रात्री लागतात त्या सगळ्या गाड्यांचे मागवू, समोरच्या चाळीतल्या दोन जुन्या मारुतीही धरून, आणि ज्यांना जड जाईल त्यांचे वर्गणीतून. अजून फक्त काकांचा अंगठा आलाय.