मार्च एंड आला कुठून?
मार्च आला की देवरूखच्या बाजारातही हिशोबाची धावपळ सुरू होते. पण हा मार्च मुळात आपला नव्हेच! मराठेशाहीच्या दफ्तरातला शुहूर सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलायचा; म्हणून त्याला मृगसाल म्हणत. व्यापारी वही बदलायचे दिवाळीत. १८६० मध्ये आयकर आला आणि १८६७ मध्ये इंग्रज सरकारने विलायतेशी जुळवायला आर्थिक वर्ष १ मेऐवजी १ एप्रिलपासून धरलं.

आज उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा दाखवणाऱ्या छोट्या दुकानदाराचा कर १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल, तर तो सगळा १५ मार्चपर्यंत आगाऊ भरावा लागतो; राहिला तर व्याज. आंब्याचा हंगाम मात्र भरात येतो एप्रिल-मेमध्ये! तेव्हा तारीख तुमचा गल्ला बघून ठरलेली नाही, हे लक्षात ठेवा आणि गेल्या हंगामातलेच पैसे बाजूला काढून ठेवा.