मोर्तब आणि वीजमापक : चंद्रपूरच्या विजेच्या कार्बन-नोंदीविषयी काही विचार

मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस मोर्तब करण्याची पद्धती होती. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, हा त्या लहान शिक्क्याचा अर्थ होय. कागदाचे बंद एकास एक चिकटवून लांब लेख सिद्ध केला म्हणजे पाठीमागे सांध्यांवरही शिक्के उठवीत. मधला बंद बदलल्यास शिक्क्याचे दोन भाग जुळत नसत. आज ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द केवळ ‘मान्यता’ या अर्थाने उरला आहे. विजेच्या जाळ्यातून वाहणाऱ्या कार्बन-उत्सर्जनाची विश्वसनीय नोंद कशी ठेवावी, हा आजचा प्रश्न मात्र आपणांस त्या शब्दाच्या मूळ अर्थाकडे परत नेतो.

या प्रश्नाच्या अभ्यासास चंद्रपूरइतके योग्य क्षेत्र क्वचितच सापडेल. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा एकोणिसाव्या शतकातच वरोऱ्याच्या खाणीतून निघू लागला होता. त्याच कोळशाच्या बळावर १९८० च्या दशकात चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत् केंद्र उभे राहिले. जुने दोन संच निवृत्त झाल्यानंतर त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट झाली. येथील वीज सुमारे ७५० किलोमीटर लांबीच्या एकदिश प्रवाहाच्या वाहिनीने ठाणे जिल्ह्यातील पडघे येथे जाते. याच जिल्ह्यातील भद्रावती येथे पश्चिम आणि दक्षिण ही दोन स्वतंत्र जाळी १,००० मेगावॉट क्षमतेच्या केंद्राने जोडली गेली होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी समकालिक झाले आणि सारा देश एका जाळ्यात आला.

येथेच नोंदीची मुख्य अडचण उद्भवते. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता वाहू लागते. त्यानंतर ओंजळीतले पाणी कोणत्या नदीचे, हे सांगता येत नाही. विजेचेही तसेच आहे. १९९६ मध्ये यानुष बियालेक यांनी विजेचा माग काढण्याची एक रीत मांडली. प्रत्येक जोडबिंदूवर येणारे प्रवाह पूर्णपणे मिसळतात आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाहिनीत त्याच प्रमाणात वाटले जातात, असे तीत गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक सोयीचे असले, तरी ते गृहीतकच आहे, निसर्गाने दिलेली साक्ष नव्हे, याचे विस्मरण होता कामा नये.

मोजणीच्या इतिहासात दोन टप्पे महत्त्वाचे होत. १ जुलै २००२ रोजी पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली आणि आंतरराज्य जाळ्यातील देवघेवीची मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशोबाने, म्हणजे दिवसाच्या ९६ खंडांत, होऊ लागली. पुढे २००६ पासून केंद्रीय विद्युत् प्राधिकरण कर्बद्विप्राणिदाच्या उत्सर्जनाची आधारसामग्री प्रसिद्ध करू लागले. तीनुसार अलीकडच्या वर्षांत देशातील हजार युनिटांमागे सरासरी सुमारे ०.७ टन उत्सर्जन पडते. केवळ कोळशाच्या विजेचे ते सुमारे १ टन असते. म्हणजे विजेची गणती पंधरा मिनिटांची आणि कार्बनची वर्षाची, अशी विसंगती राहिली. वार्षिक सरासरीत भर दुपारचे सौर युनिट आणि सायंकाळचे कोळशाचे युनिट एकसारखेच दिसतात.

ही विसंगती दूर करावयाची, तर प्रत्येक खंडाची नोंद ठेवावी लागेल, आणि नोंदींची संख्या वाढली की फेरफाराची संधीही वाढते. यावर उपाय गुप्तलेखनशास्त्राने दिला आहे. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी जाहीर किल्लीची कल्पना मांडली. तिच्यातून अंकीय स्वाक्षरी निघाली, आणि भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने तीस कायदेशीर मान्यता दिली. १९९१ मध्ये हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी प्रत्येक नोंदीत मागील नोंदीचा संक्षिप्त ठसा गुंफण्याची युक्ती सुचविली. मधली एक नोंद बदलली, तर पुढचे सारे ठसे जुळेनासे होतात. सांध्यावरील शिक्क्याचेच तत्त्व येथे गणिताच्या रूपाने अवतरले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि इतिहासाचा अभ्यासक येथे एक शंका घेतल्यावाचून राहणार नाही. मराठीत ‘अस्सल’ आणि ‘खरा’ हे दोन शब्द निराळे आहेत, आणि ते योग्यच आहे. कागद अस्सल असूनही त्यातील मजकूर खोटा असू शकतो. वतनाच्या तंट्यांतील कागदपत्रे वाचणाऱ्यांस हे सांगावयास नको. अंकीय ठसा नोंदीचे अस्सलपण राखतो; खरेपणाची हमी तो देत नाही. वीजमापक यंत्र आपोआप आकडा देते, परंतु कोळशाचे उष्मांकमूल्य नमुना घेऊन, प्रयोगशाळेत तपासून नोंदवावे लागते. तेथे चूक झाली, तर ती चूक कायमची शिक्कामोर्तब होऊन बसेल.

हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील वनग्रामात एक दिवा जळतो, तेव्हा देशाच्या सरासरीने त्याच्या प्रत्येक युनिटावरही तोच ०.७ चा बोजा चढतो, जो मुंबईतील उंच इमारतीच्या युनिटावर चढतो. धूर आणि राख मात्र चंद्रपूरच्या वाट्यास येते. सरासरीच्या आकड्यात त्या गावाचे नावही उरत नाही. स्थळ आणि वेळ यांसह ठेवलेली नोंद निदान हे नाव पुसू देणार नाही. मोर्तब कोणी करावे, हे यंत्र ठरवील. पण मजकूर कोणी लिहावा आणि तो कोणी तपासावा, हे समाजालाच ठरवावे लागेल.